उशीतला खळगा

वस्ताद न्हावी होता. कोपऱ्यावर दुकान, दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. गिऱ्हाइकाचं नाव तो विसरायचा, पण डोकं कधी विसरायचा नाही. डोळे बांधून हात फिरवायला दिला असता तरी कुणाची टाळू आहे ते सांगितलं असतं त्यानं. अशा माणसाचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, मग मनगटापर्यंत सगळा. वस्तरा उचलला की गिऱ्हाईक खुर्चीत आखडून बसायचं. वस्ताद स्वतःच चेष्टा करायचा, "दाढी नको तर मालिश करून घ्या राव. हात आता आपोआप चालतो." लोक हसायचे आणि दुसऱ्या दुकानात जायचे. शेवटी शटर खाली आलं ते आलंच.

पार्किन्सन्समध्ये हात जातो हे सगळ्यांना माहीत असतं बघा. पुढेमागे डोकंही जातं, हे कोणी आधी सांगत नाही. सगळ्यांचं जात नाही, पण काहींचं जातं. कुणाचं जाणार हे आधी ओळखता यावं म्हणून त्या मोठ्या इस्पितळात एक तपासणी चालू होती. माणसाला वरचेवर बोलवायचं, मेंदूचे फोटो काढायचे, मागच्या फोटोंशी ताडून बघायचे. ताडायला एक धडधाकट डोकंही लागतं. ते आणायचं कुठून? तर पेशंटबरोबर जो कोणी आलाय त्याचं घ्यायचं. म्हणजे वस्तादाच्या बायकोचं.

"माझ्या डोक्यात काय बघणार?" ती म्हणाली. "दूध उतू गेलं की काय, एवढंच असतं त्यात."

"तेच बघायचंय," डॉक्टरीणबाई हसून म्हणाली. "ज्याच्या डोक्यात दूध उतू जायची काळजी शाबूत आहे, असं डोकं हवंय मला."

ती तयार झाली त्यामागे तिचं आणखी एक कारण होतं, ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. सगळ्या संसारात त्या दोघांत एकच गाठ होती, आणि ती कधी सुटली नव्हती. तिचे वडील इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा परगावी गेलेली ती गाडी करून धावत आली होती. वाटेत गाडी वस्तादाच्या दुकानावरून गेली. दुकान उघडं. सासरा मरणाला टेकलेला आणि जावई आत उभा. ती पोचेपर्यंत बाबा गेले होते. "शेवटी जवळ कोण होतं?" असं तिनं ज्याला त्याला विचारलं. कोणी नव्हतं, असंच सगळे म्हणाले. तेव्हापासून घरात भांड्याला भांडं लागलं की तिचं ठरलेलं वाक्य यायचं: "तुमचं काय, माणूस मेलं तरी तुमची कात्री चालू!" वस्ताद कधी उत्तर द्यायचा नाही. पट्ट्यावर वस्तरा ओढत बसायचा. आता तो विसरायला लागला होता आणि तिला घाई झाली होती. दुकान का उघडं ठेवलंत, एवढंच तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. जाब म्हणून नाही आता. नुसतं कळायला.

मशीन तळघरात होतं. गार खोली, स्पिरिटचा वास आणि कुठूनतरी सारखी येणारी घरघर. मशीनवाला पोट सुटलेला, बोलघेवडा गडी. अंगावरचं सगळं लोखंड-सोनं एका ट्रेमध्ये काढून घ्यायचा आणि तेवढ्या वेळात माणसाची सगळी कुंडली विचारून घ्यायचा. फळीवर डोक्याखाली एक उशी असायची. उशी म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली जाड पिशवी. तिच्यात डोकं टेकवायचं, दोन्ही बाजूंनी पिशवी दाबायची आणि नळीनं आतली हवा ओढून घ्यायची. मग ती दगडासारखी घट्ट व्हायची, बरोबर त्या डोक्याच्या आकाराची. डोकं तसूभर हलत नाही. थरथरणाऱ्या माणसाचा फोटो नाहीतर येणार कसा? एक माणूस उठला की पिशवीत परत हवा सोडायची, मणी हलवायचे, दुसऱ्यासाठी नवा खळगा करायचा, अशी रीत.

वस्ताद उठला, त्याची बायको आडवी व्हायला आली, आणि मशीनवाल्यानं पिशवीला हातसुद्धा लावला नाही.

"हे मोकळं नाही करायचं?" तिनं विचारलं. आत्ताच तिनं बघितलं होतं ना.

"नवरा-बायकोला काय वेगळं करायचं काकू? घरी एकाच उशीवर झोपता की नाही?"

"घोरतात ते. मी भिंतीकडे तोंड करून झोपते."

"मग आज जवळ झोपा!" असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसला.

खळगा अजून उबदार होता. वस्तादाचं डोकं मोठं, मागं फुगीर. तिचं त्यात सैल बसायला हवं होतं. पण बरोबर बसलं, कानाच्या पाळ्यांसकट.

"काही करायचं नाही, काही विचार करायचा नाही, डोळे उघडे," कानावर लावलेल्या फोनमधून आवाज आला, आणि मशीन ठोकायला लागलं. पत्र्यावर हातोडा बसावा तसं. तिनं वर बघत राहायचं ठरवलं. थोड्या वेळानं तिला तुरटीचा वास आला. ओल्या तुरटीचा, दाढीनंतर गालावर फिरवतात तिचा. त्या खोलीत तुरटी कुठून येणार? नवऱ्याच्या अंगाचा असेल, खळग्यात राहिला असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

मशीनमधून सुटून ती वर आली तेव्हा वस्ताद बाकावर बसला होता. त्याच्या पुढं एक अनोळखी माणूस पाठमोरा उभा होता. तिची नजर त्याच्या डोक्यावर गेली आणि तिच्या मनात आलं, दोन भोवरे आहेत, मागून पुढे कापायचं. उजव्या कानामागं टाका आहे, तिथं जपून. तो माणूस वळला. कानामागं पांढरी रेघ होती, टाक्याची.

 योगायोग म्हणून तिनं सोडून दिलं.

घरी वस्तादाची दाढी तीच करायची, साध्या रेझरनं. दर वेळी एकदोन ठिकाणी कापायचं आणि तो ओरडायचा, "खाटीक बरा!" त्या आठवड्यात तिनं कपाट उघडलं आणि रेझर सोडून वस्तरा काढला. पट्ट्यावर चार हात ओढला. धार अंगठ्याच्या नखावर बघितली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणली आणि कानशिलापासून हनुवटीपर्यंत एका दमात खाली आली. कुठं ओरखडासुद्धा नाही.

वस्ताद डोळे मिटून बसला होता. "कुठं शिकलीस गं?"

"तुमचं बघून."

"माझं?" त्यानं डोळे उघडले. "मी कुणाची दाढी केली?"

ती हसली. तिला हसताना बघून तोही हसला. पण त्याच्या दुसऱ्या गालावरचा फेस सुकत चालला तरी तो तिच्या हातातल्या वस्तऱ्याकडे असा बघत होता, की हे कसलं हत्यार म्हणायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईनं पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले.

"हा तुमच्या मिस्टरांचा. हा मागचा भाग आणि हा पुढचा, मागच्या वेळी एकमेकांशी बोलत होते. आता गप्प झालेत."

"आणि हा माझा?"

डॉक्टरीणबाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही आत पडून हात हलवत होता का?"

"नाही हो."

"उजव्या हाताचा भाग पेटलाय. सारखा. बारीक कसबाचं काम करताना दिसतो तसा. शिवणकाम करता?"

"तुटलं तर बटण लावते."

"मशीनचीच काहीतरी गडबड असेल. आज परत बघू."

त्या दिवशीही वस्ताद आधी गेला, ती नंतर. पिशवी तशीच. ठोके सुरू झाले आणि तिला एक आरसा दिसला. आरशात मागचा रस्ता, आणि रस्त्यावरून एक मुलगी चाललेली. ओले केस मोकळे, चप्पल तुटलेली, ती हातात धरून भर रस्त्यातनं अनवाणी, आणि तोंडावर असा तोरा की चप्पल हातात धरायचीच असते. कात्री हवेत थांबली. गिऱ्हाईक म्हणालं, "अरे वस्ताद, कान वाचव!" आणि तरी कात्री हललीच नाही.

ती मुलगी ती स्वतः होती.

हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे कोणी असं बघितलंय, हे त्या बाईला या वयात, तळघरात, पाठीवर पडून कळलं. डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. पुसता येईना.

बाहेर आली ती पोरीसारखी लाजत. संध्याकाळी वस्ताद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "बाई, जरा पाणी मिळेल का?"

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तेव्हा तिला कळलं. कसं ते नाही कळलं, पण काय होतंय ते कळलं.

आता बघा, तिला थांबता आलं असतं. मशीनवाल्याला एवढंच सांगायचं होतं, बाबा रे, पिशवी मोकळी कर. नाहीतर जायचंच नाही, संपलं. पण तिनं मनाची समजूत घातली. तसंही जाणारच आहे सगळं, मग वाऱ्यावर जाण्यापेक्षा माझ्याकडे राहू दे की. खरं कारण वेगळं होतं. तिला आणखी बघायचं होतं. आणि ती गाठ सुटायची राहिली होती. पुढं आयुष्यभर तिला हेच लागून राहिलं, की त्या दिवशी मला कळलं होतं आणि तरीही मी गेले.

ती गेली. ठोके सुरू झाले.

खाट. लोखंडी, पांढरा रंग उडालेला. ती खाटेच्या डोक्याशी उभी. खाली एक चेहरा, उलटा. हनुवटी वर, गालफडं बसलेली, पांढरे खुंट वाढलेले. तिचे बाबा.

"उरक लवकर," बाबा म्हणाले. "ती निघालीय. हे असलं तोंड तिला दिसायला नको. आणि तू दाढी केलीस हे सांगू नको तिला, शपथ आहे तुला. रडत बसेल."

फेस. कातडी ताणली. वस्तरा एका गालावरून खाली आला. हात दगडासारखा स्थिर.

दुसऱ्या गालाशी आला आणि बाबांचा श्वास वर आला नाही.

वस्तरा थांबला. बराच वेळ थांबला. मग हातानं फडकं गरम पाण्यात बुडवून पिळलं, दुसऱ्या गालावर ठेवलं, आणि ती बाजू पुरी केली. सावकाश. जिवंत माणसाची करतात तशीच.

मग दुकान. शटर वर. गिऱ्हाईक कोणी नाही. हातांना काहीतरी काम हवं म्हणून केर काढायला घेतला, काढलेलाच परत काढला. तेवढ्यात एक गाडी गेली. काचेला चिकटलेला तिचा चेहरा. त्यानं हात वर केला.

काचेतल्या बाईनं तोंड फिरवलं.

मशीनवाल्यानं तिला बाहेर ओढलं तेव्हा ती फळीवरून घाईनं उतरताना धडपडली. "चक्कर आली का काकू? पाणी देऊ?" त्याला बाजूला सारून ती बोळातून धावली. वस्ताद बाकावर बसला होता, थरथरता हात दुसऱ्या हातानं धरून. ती त्याच्या पायाशी जमिनीवरच बसली.

"अहो, बाबांची दाढी तुम्ही केली होती. तुम्ही होता तिथं. बोलला का नाहीत? एकदा तरी बोलायचंत! मी नाही नाही ते बोलले तुम्हाला. चुकलं माझं. ऐकताय ना? चुकलं."

वस्ताद खाली वाकला. चांगल्या मनाचा माणूस, रडणारं कोणी दिसलं की विरघळायचा. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नका बाई. कोणी गेलं का तुमचं?"

तिनं त्याला हलवलं, खुणा सांगितल्या. खाट, खुंट, गरम फडकं. तो ऐकत होता, मान हलवत होता. दुसऱ्याच्या घरची हकिगत ऐकतात तसं.

घरी आल्यावर तिनं मोठ्या बहिणीला फोन लावला. "ताई, बाबांची शेवटची दाढी कोणी केली?"

 "तुला कोणी सांगितलं?" ताईनं उलट विचारलं.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"बाबांनी शपथ घातली होती त्याला. मी दारात होते, मला पण घातली. अगं, तुझा रागीट स्वभाव, म्हटलं निवळल्यावर सांगू. तू निवळलीच नाहीस. मग राहून गेलं. वस्तादानं सांगितलं का शेवटी?"

"हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माफी मागायची होती, आणि माफ करणारा समोर बसून बिस्किट चहात बुडवत होता. पण ज्याला ती गोष्ट लागली होती तो माणूस आता तिच्याच डोक्यात होता. तिथं तिनं पुष्कळदा चुकलं म्हटलं. आपल्याच डोक्यात आपणच माफ कसं करून घ्यायचं?

म्हणून तिनं ठरवलं. जे आलं ते परत द्यायचं. एवढी एकच गोष्ट त्याला परत मिळू दे, म्हणजे मी चुकले म्हणेन आणि कशाबद्दल ते त्याला कळेल. मग गेली परत तरी चालेल.

पुढच्या तारखेला ती मशीनवाल्याला म्हणाली, "आज मी आधी."

"आधी पेशंट काकू, तशीच पद्धत आहे."

"त्यांना आज भीती वाटतेय. मी गेलेली बघितली की जातील. आणि हे बघ, माझ्यामागून पिशवी तशीच ठेव. हलवू नकोस."

"तुमचा दोघांचा साचा एकच, मला काय माहीत नाही का?" तो म्हणाला. आत्ता मात्र पिशवी मोकळी होती. त्यानं दाबली, हवा ओढली. खळगा तिच्या डोक्याचा झाला.

आत गेल्या गेल्या तिनं डोळे मिटून घेतले. खाट, फेस, गरम फडकं. दुसरं काही नाही. खाट, फेस, फडकं.

ठोके पडत होते.

खाट, फेस.

आणि ती गाडी आली. तिनं बोलावली नव्हती. सगळा जन्म घोटून घोटून पाठ केलेली गोष्ट ती, बोलावल्याशिवाय यायची. गाडीची काच, तोंडात सुकलेली थुंकी, उघडं दुकान, आत तो. तिनं ते ढकललं. ते परत आलं. त्याच्या मागोमाग बाबांचा हात धरून चाललेली वाट आली, बाबांची शिट्टी आली, त्यांच्या खांद्यावरून दिसलेलं सगळं जग आलं.

नको, ती म्हणाली. हे नको, हे माझं आहे.

"काकू, बोलू नका, फोटो हलतो," कानात आवाज आला.

मग वस्ताद गेला.

ती काचेपलीकडे उभी राहिली. पडद्यावर त्याचा मेंदू करडा करडा उमटत होता. मशीनवाला पुढं वाकला. "अरेच्चा, हे परत कसं पेटलं?" तो म्हणाला.

वस्ताद बाहेर आला तो रडत. ती धावली. "आठवलं? अहो, बाबा आठवले?"

"बाबा गेले," तो म्हणाला.

"हो. आणि तुम्ही होता तिथं. मी म्हणते..."

"कोणी नव्हतं जवळ," वस्ताद म्हणाला. त्यानं नाक पुसलं, तळहाताच्या मागच्या बाजूनं, ती पुसायची तसं. "एकटे गेले माझे बाबा."

 ती त्याला धरून बाहेर घेऊन निघाली.

इस्पितळाच्या दाराशी मोठी काच होती. काचेत एक म्हातारा उभा होता, हात थरथरणारा.

वस्ताद थांबला.

त्याचा चेहरा कसा झाला ते तिनं काचेतच बघितलं. ते तोंड तिला चांगलं ओळखीचं होतं.

"हाच तो," तो म्हणाला. "हाच दुकान उघडून बसला होता."

आणि त्यानं तोंड फिरवलं.

घरी आला तो सरळ आत गेला. खुर्चीत बसला, भिंतीकडे बघत. दुपारचं ऊन आत आलं होतं. ती चहा टाकायला निघाली आणि मधेच थांबली. भिंतीवर एक फोटो होता, जाड चौकटीतला, कोणा म्हाताऱ्याचा. चांगला भरदार माणूस, गुळगुळीत गाल, हसरे डोळे. ती त्याच्याकडे बघत राहिली. आपल्या घरात लावलाय म्हणजे जवळचंच कोणीतरी असणार. पण कोण, ते आठवेना.

तिनं तो खिळ्यावरून काढला. पदरानं काच पुसली. जवळ धरला, लांब धरला. मग, का ते तिचं तिलाच कळलं नाही, तिनं चौकट उलटी फिरवली. हनुवटी वर, कपाळ खाली.

तेव्हा कुठं तिला ओळख पटली.

"अहो बाई," मागून खुर्चीतून आवाज आला, चिडलेला. "नीट धरा तो. माझे बाबा आहेत ते."